वेळा अमावास्येची फटफटी

सोमलिंगाचं वागणं उमाबाईंना त्या सकाळी अजिबात पटलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेला, दोन घाण्यांचा कारभार बघणारा, मुरुमच्या बाजारात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. आणि वागला कसा, तर सणाला नवं लुगडं मिळालं नाही म्हणून फुगून बसलेल्या पोरीसारखा.

वेळा अमावास्येला रानात जायच्या आधी घरात जे म्हणून फिरतं त्याला घरची धार द्यायची, ही त्या घरची रीत. घाण्याच्या उखळात फिरणारी लाकडी लाट, बैलगाडीचा आस, आडाचं चाक. थोरल्या लेकानं आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, पितळेच्या पळीनं ताज्या करडईच्या तेलाची धार सोडायची. उमाबाईंच्या सासऱ्यांनी ती केली, मालकांनी केली, आणि मालक लिंगैक्य झाल्यापासून सात वर्षं सोमलिंग करत होता. त्या दिवशीही केली. दोन्ही घाण्यांना झाली, गाडीच्या दोन्ही चाकांना झाली, आडाच्या चाकाला झाली. दळणाच्या जात्याच्या खुंट्यालासुद्धा त्यानं बोट लावलं. आणि पत्र्याच्या शेडात धाकट्या भावाची फटफटी उभी होती, तिच्या पुढून पळी घेऊन सरळ निघून आला.

"ती ऱ्हायली," उमाबाई म्हणाल्या.

"ती घरची न्हाय," सोमलिंग म्हणाला. "लष्कराच्या लिलावातली हाय."

पळी त्यानं देवळीत पालथी ठेवली आणि धोतर सावरत बैल जुंपायला गेला. उमाबाई चुलीपुढं आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधत होत्या. हातातली गाठ त्यांनी जरा जास्तच आवळली. सणाच्या दिवशी घरून भांडण बांधून न्यायचं नाही, रानात गेल्यावर बघू, एवढं मनाशी ठरवलं.

त्या दिवशी निकाल त्यांनाच द्यायचा होता.

गोष्ट त्या पत्र्याच्या शेडाची होती. घाण्याला लागून असलेलं ते शेड सोमलिंगाला तिसऱ्या घाण्यासाठी हवं होतं. जावई महांतप्पा आळंदचे कापडवाले. त्यांना ते गठ्ठे ठेवायला हवं होतं, आणि तसं ते मेव्हण्याशी आधीच बोलून बसले होते. अर्धं तुमचं, अर्धं आमचं. आणि धाकट्या ईरण्णाला तिथं कारखाना काढायचा होता. पाच वर्षं फौजेच्या मोटारखात्यात हात काळे करून आलेला, लढाई संपल्यावर पैशाऐवजी एक अमेरिकन फटफटी घेऊन घरी परतलेला. फटफटी कसली, बसकं रेडकू. लांबच लांब, हँडल बैलाच्या शिंगांसारखं मागं वळलेलं, पाय पुढं सोडून पाटलासारखं बसायचं. बाजूला माणूस बसायचा डबा. आली तेव्हा दोन माणसं घेऊन बोराटीचा चढ चढताना तिनं मध्येच मान टाकली होती आणि अख्ख्या मुरुमनं ते बघितलं होतं. तेव्हापासून सोमलिंग एकच धरून बसला होता: विका ती, आणि ईरण्णानं दुकानाच्या गादीवर बसावं.

"दोन महिने द्या, अव्वा," ईरण्णा म्हणाला होता. "दोन माणसं कसली, मागं छकडा जोडून त्यात तीन पोती पेंड घालून, तुमाला डब्यात बसवून चढवतो. एका दमात. न्हाय चढली तर म्या गादीवर बसतो अन् फटफटी अण्णांनी विकावी."

"अन् चढली तर?"

"तर शेड माझं."

उमाबाईंनी सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता. दिवस वेळा अमावास्येचा. त्या दिवशी पेंड रानात न्यायचीच असते, आणि लेकी-जावईही घरी असतात.

त्या दोन महिन्यांत ईरण्णा सोलापूरला तीन फेऱ्या मारून आला. उमाबाई शाळेत गेल्या होत्या ते मठातल्या स्वामींकडं, एक पावसाळा. तेवढ्यात धुळीत काढलेली अक्षरं पुढच्या उन्हाळ्यात वाऱ्यानं नेली. पण तेलाच्या कामातलं कुणी त्यांना शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं. परवा दुपारी त्या शेडात गेल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय केलंस ते सांग. फौजेच्या भाषेत न्हाय, माणसाच्या भाषेत."

ईरण्णानं हातातला पाना खाली ठेवला. विचार केला. मग म्हणाला, "अव्वा, घाण्याचं उखळ मोठं केलं तर?"

"घाणी मोठी पडंल. तेल जास्त निघंल."

"तसंच. हिच्या पोटात दोन उखळं हायत. सोलापूरच्या खरादावर ती आतून कोरून रुंद करून आणली, अन् त्यात बसणारे दट्टे मोठे घातले. घोट मोठा, म्हणून जोर मोठा."

"अन् उखळ कोरून पातळ झालं तर फुटतं. तेवढं बगितलंस का?"

"बगितलं. जवारीच्या दाण्याइतकंबी कोरलं न्हाय. आता दुसरं. लाटंवर दगड वाढवला की काय व्हतं?"

"दाब वाढतो. पेंड कोरडी पडती."

"हिचं वरचं झाकण घासून खाली आणलं. आत जागा कमी उरली, त्यामुळं पेट्रोलचा वाफारा जास्त आवळला जातो अन् जास्त जोरात उडतो. पहिली ही बावीस घोड्यांची व्हती. आता अठ्ठावीसाच्या पुढं गेली असंल."

उमाबाईंनी हात हलवला. "घोडे मला सांगू नगंस. घोडा सपाटीवर पळतो. चढावर मला बैल पायजे."

ईरण्णा हसला. हसला की त्याच्या बापासारखा दिसे. "तेबी केलंय. मागच्या चाकाची चक्री बदलली, सहा दात वाढवले. आता पळ जरा कमी, पण ओढ दीडपट. चाक सावकाश फिरंल, पण आडून बसणार न्हाय."

"हे पहिलं सांगायचं," उमाबाई म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी थांबून त्यांनी टाकीकडं बघितलं. टाकीवर तीन झाकणं होती. "इतकी झाकणं कशाला?"

"डाव्या अंगाला पेट्रोल, उजव्या अंगाला पेट्रोल. दोन्हीच्या तोट्या निराळ्या. अन् उजवीकडचं हे पुढचं बारकं झाकण इंजिनाच्या तेलाचं."

बाहेर अंगणात धाकटी सून गौराबाई शेंगा फोडत होती. तिनंही मान वर करून बघितलं होतं. हे उमाबाईंना नंतर आठवलं.

*

नऊच्या सुमाराला निघाले. पुढं फटफटी, मागं बैलगाडी. गाडीत सोमलिंग कासऱ्याला, मागं थोरली सून जगदेवी, धाकटी गौराबाई, लेक प्रेमाबाई आणि मिसळीच्या भाजीची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांच्या टोपल्या. आंबिलीचं मडकं मात्र उमाबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतलं, डब्यात बसताना. फटफटीच्या मागच्या गादीवर जावई महांतप्पा बसले, साक्षीदार म्हणून. अंगानं काडी, पण उर्दू वाचणारे. पेट्रोलचं परमिट उमरग्याच्या तहसिलीतून त्यांनीच वाचून-बोलून आणलं होतं, आणि ते सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

"मामी, भ्या वाटलं तर सांगा," महांतप्पा म्हणाले.

"तुमाला वाटलं तर मडक्याला धरा," उमाबाई म्हणाल्या.

ईरण्णानं पायाखालच्या दांडीवर सगळं अंग टाकलं. पूर्वी ती दांडी सहज खाली जाई. आता आतला दाब इतका वाढला होता की तिनं त्याला उलट वर उचललं. दुसऱ्या लाथेला फटफटी बोलली. आवाजच बदलला होता. पहिल्यांदा आली तेव्हा ती फुटक्या डब्यासारखी वाजे. आता छातीत घुमत होती.

सपाटीवर उमाबाईंना मजा वाटली, हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. दोन्ही बाजूंना हरभरा, करडई, मधूनच जवारीचं उभं रान. रानारानात कडब्याच्या कोपी उभ्या होत्या, त्यांच्यावर घोंगड्या टाकलेल्या. माणसं बैलगाड्या बाजूला घेऊन बघत होती. मागच्या छकड्यात तीन पोती पेंड आणि तरी फटफटी कुरकुरत नव्हती.

बोराटीच्या चढाच्या तळाशी ईरण्णा थांबला. वाकून त्यानं डावी तोटी बंद केली, उजवी उघडली.

"काय केलंस?"

"डावीकडचं संपत आलं. चढ भरल्या टाकीवर चढू."

निघाली. पहिला टप्पा असा चढली की महांतप्पांनी मागून "वा" म्हटलं. आणि म्हटलं तोच आतून टक टक असा आवाज यायला लागला, बंद दारावर कुणी बोटानं वाजवावं तसा. मग ती खोकली. मागून पांढरा धूर निघाला, इतका की वळणावरची बाभळ दिसेना. पुन्हा खोकली, धक्का दिला, आणि ऐन मध्यावर बंद पडली. ईरण्णानं ब्रेक दाबून धरला. महांतप्पा उडी मारून उतरले आणि चाकांमागं दगड लावले. दगड लावताना ते बोललेच, "शब्द एका दमाचा व्हता."

ईरण्णाचा चेहरा पडला होता. तो इंजिनाकडं वाकून बघत होता, पण उमाबाईंचं लक्ष तिकडं नव्हतं. त्या मडकं मांडीवर घट्ट धरून नाकानं हवा ओढत होत्या. धूर त्यांच्या तोंडावरून गेला होता.

"ईरण्णा, हे काय जळतंय?"

"जळत काय न्हाय, अव्वा. पेट्रोलमधी कायतरी."

"कायतरी न्हाय. करडई हाय." त्यांनी पुन्हा वास घेतला. "नवी करडई. आपल्या थोरल्या घाण्याची, परवाची घाणी. भजी तळून कढई चुलीवरच विसरली की असा वास येतो. ह्या वासात म्या चाळीस वर्षं काढली. तुझ्या पेट्रोलमधी आपलं तेल हाय."

ईरण्णानं उजवीकडचं मागचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं. मग ते बोट आईपुढं धरलं. चिकट होतं.

तोवर बैलगाडी येऊन पोचली. सोमलिंग खाली उतरला. "पडली का?"

त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे उमाबाईंनी ऐकलं. पण प्रेमाबाईनं ते ऐकलं नाही. धाकट्या भावावर तिचा पहिल्यापासून जीव, आणि नवऱ्याचं थोरल्या भावाशी झालेलं संगनमत तिला आधीच टोचत होतं. ती गाडीतूनच म्हणाली, "पेट्रोलमधी घरचं तेल ओतलंय म्हणत्यात. घरच्या तेलाची किल्ली कुणाकडं असती, अण्णा?"

सोमलिंगानं तिच्याकडं बघितलं. मग ईरण्णाकडं. ईरण्णा मान खाली घालून बोट पुसत होता, पण त्यानं "न्हाय, अण्णा असं करणार न्हाईत" असं म्हटलं नाही. आणि सोमलिंगानंही "म्या न्हाय केलं" असं म्हटलं नाही. दोघं बापाचेच. एकाला विचारायचा ताठा, दुसऱ्याला सांगायचा.

"सख्ख्या भावावर आळ घेऊ नगं," महांतप्पा प्रेमाबाईला म्हणाले, पण अर्ध्या आवाजात. वारा कुठून वाहतो ते बघून बोलायची त्यांना सवय होती, आणि वारा अजून ठरला नव्हता.

"बोल की, सोमलिंगा," उमाबाई म्हणाल्या.

"काय बोलायचंय. तुमाला वाटतंय तसं धरून चाला."

गौराबाई गाडीतून उतरली होती. पदर कपाळाखाली ओढलेला. थोरल्या दिरापुढं ती कधी तोंड उघडत नसे, त्यांच्याशी काही बोलायचं तर जगदेवीमार्फत. आता ती कुणामार्फत नाही, सरळ सासूपुढं येऊन उभी राहिली आणि जमिनीकडं बघत बोलली.

"भावजींनी न्हाय ओतलं. म्या ओतलं."

खालच्या रानातून कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं.

"सगळ्याला धार झाली अन् फटफटीला न्हाय झाली," गौराबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्या कामाला निघायचं, अन् बिनधारेची. मला बरं वाटंना. हे आडावर आंघोळीला गेले तवा म्या गेले. तेलाचं झाकण उजवीकडं हाय म्हणून ऐकलं व्हतं. मोठं बगून उघडलं."

"किती ओतलंस?" ईरण्णानं विचारलं. त्याचा आवाज फारच मऊ होता.

"घाण्याला पळीभर घालत्यात. गाडी त्याहून मोठी." ती थांबली. "चंबूभर."

ईरण्णानं डोळे मिटले. आणि प्रेमाबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं.

"चंबू म्या दिला," जगदेवी गाडीतून म्हणाली. ती उतरली नव्हती. भज्जीच्या टोपलीवर हात ठेवून, आपल्या नवऱ्याकडं न बघता बोलत होती. "अन् कुठं न्यायचाय ते ठाऊक असून दिला. गौरीनं दोनदा माझ्याकडून इचारलं, ह्यांनी आपल्या हातानं पळी लावावी म्हणून. एकदा काल सांजंला, एकदा सकाळी. दोन्ही बारीला म्या निरोप दिला. काय उत्तर मिळालं ते त्यांनीच सांगावं."

सोमलिंग कासरा मनगटाला गुंडाळत होता, उलगडत होता.

"थांबू जरा," शेवटी तो म्हणाला. "तासभर स्थिर ठेवली तर तेल खाली बसंल. वरचं पेट्रोल काढून घेता येईल."

"पाण्यात निराळं ऱ्हातं," उमाबाई म्हणाल्या. "पेट्रोलमधी विरघळतं, घासलेटात विरघळतं तसं. तेलाच्या घरात जलमून हे इचारावं लागतं का?" मग ईरण्णाकडं वळल्या. "डावीकडं किती हाय?"

ईरण्णानं टाकीला कान लावून फटफटी हलवली. "एक बाटली. न्हाय तर त्याहून कमी."

"चढाला पुरंल?"

"थांबली न्हाय तर पुरंल. एक पोतं उतरवलं तर नक्की पुरंल."

"पोतं उतरवलं तर शब्द उतरला. तीन म्हणालास, तीन ऱ्हातील. काम कर."

ईरण्णा कामाला लागला. उजवी टाकी त्यानं रिकामी केली, कार्बोरेटरची वाटी उघडून पुसली, दोन्ही प्लग काढून चाकूनं खरवडले. प्लगच्या टोकाला काळा चिकटा बसला होता, कढईच्या बुडासारखा. तो खरवडत असताना मध्येच सोमलिंग दोन पावलं पुढं आला आणि उभा राहिला, नुसता बघत. एक प्लग दगडावरून घरंगळला तेव्हा त्यानं तो पायानं अडवला, उचलून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भावाच्या हातात दिला.

महांतप्पा घसा साफ करून म्हणाले, "तसं बगितलं तर मामी, पहिला दम मोडला त्यो इंजिनामुळं न्हाय. बाहेरच्या कारणानं. त्यो धरू नये असं माझं मत हाय."

"तुमचं मत आत्ता हिकडं आलं व्हय?" उमाबाई म्हणाल्या. "येऊ द्या. पण पहिला दम धरायचा का न्हाय ते म्या ठरवीन. घरच्या तेलानं घरचं इंजिन अडलं, त्याची शिक्षा इंजिनाला न्हाय. गाडी खाली घ्या. तळापासनं परत."

दगड काढले. फटफटी हळूहळू मागं घेत तळाला नेली. सोमलिंगानं बैलगाडी कडेला घेतली आणि मागून छकडा धरला. महांतप्पा पुन्हा मागच्या गादीवर पाय टाकणार, तेवढ्यात उमाबाई म्हणाल्या, "तुमी गाडीत बसा, जावईबापू. बैल तुमी हाणा. सोमलिंगा, तू बस."

"म्या?"

"साक्षीदार आळंदचा नगं. घरचा पायजे."

"अव्वा, अण्णांचं वजन जावईबापूंच्या दुप्पट हाय," ईरण्णा म्हणाला.

"व्हय. ते मला ठाऊक हाय. म्याच खायला घालून वाढवलंय ते." त्या डब्यात बसल्या, मडकं मांडीवर घेतलं. "तुला ओढीची खात्री हाय का न्हाय?"

ईरण्णा क्षणभर टाकीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हाय."

सोमलिंग बसला. फटफटी त्याच्या वजनानं मागं दबली. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना. आधी त्यानं गादीची कड धरली. ईरण्णानं डावी तोटी उघडली आणि दांडीवर अंग टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती बोलली, दोन-चार खोकले पांढरे काढले, आणि मग धूर निवळला. तोच घुमणारा आवाज.

या वेळी ईरण्णानं घाई केली नाही. उमाबाईंनी हे ओळखलं. घाण्याला बैल लावताना पहिली फेरी जशी सोडतात, तशी त्यानं गाडी सोडली; आधी साखळी ताणू दिली, मग जोर. पहिला टप्पा गेला. मधलं वळण आलं, जिथं मघाशी पडली होती. तिथं चढ अंगावर येतो. चाकाखाली खडी सरकली, मागचा छकडा एका अंगाला ओढला गेला आणि आवाज खाली खाली जायला लागला. उमाबाईंना वाटलं, गेली. पण आवाज खाली जाऊन तिथंच राहिला. मोडला नाही. एकेक ठोका निराळा मोजता यावा इतका सावकाश, आणि प्रत्येक ठोक्याला हातभर पुढं. बैल गुडघ्यात वाकून ओढतो तसं. उमाबाईंनी मागं बघितलं. सोमलिंगानं गादीची कड सोडून दोन्ही हातांनी भावाची कंबर धरली होती आणि स्वतः पुढं झुकला होता, जणू त्याच्या झुकण्यानं ओझं कमी होणार होतं.

वरच्या माळावर आल्यावरसुद्धा ईरण्णा लगेच थांबला नाही. रानाच्या बांधापर्यंत गेला. कोपीपाशी जाऊन बंद केली की आपोआप बंद पडली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. डावी टाकी कोरडी होती.

उमाबाई उतरल्या. आंबिलीचा एक थेंब सांडला नव्हता.

*

कोपीत पाच पांडव मांडलेले होते, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. पूजा झाली, आंबील रानाच्या चारी कोपऱ्यांना शिंपडली, आणि बैलगाडी येऊन पोचल्यावर पंगत बसली. शेजारच्या रानातले बलभीमराव आणि त्यांची माणसं हाक मारून बोलावली. त्यांनीही फटफटी चढताना बघितली होती. महांतप्पा त्यांना सांगत होते की सहा दात वाढवायची कल्पना किती योग्य होती, आणि त्याबद्दल ईरण्णाशी आपलं पहिल्यापासून एकमत होतं. प्रेमाबाई नवऱ्याकडं बघत होती आणि भज्जी वाढत होती.

सोमलिंग पंगतीत जरा लांब बसला होता. ईरण्णा हात धुऊन येऊन त्याच्या शेजारी बसला. बराच वेळ दोघं खिचडा खात राहिले. मग सोमलिंगानं भावाकडं न बघता विचारलं, "चक्री सोलापुरात केली का?"

"दात तिथं कापले. बसवली म्या."

"आपल्या घाण्याला असं काय करता येईल का? बैल म्हातारा झालाय."

"येईल. इंजिन लावता येईल. पण जागा लागंल."

जागा म्हटल्यावर जगदेवीचा वाढता हात थांबला, गौराबाई कोपीच्या कडेला पदर धरून उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा उमाबाईंकडं गेल्या.

उमाबाईंनी उंड्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, वर आंबील प्याल्या. वाटी खाली ठेवली आणि थोरल्या लेकाकडं बघून, बलभीमरावांची माणसं ऐकताहेत याची पर्वा न करता, म्हणाल्या:

"सोमलिंगा, शेड ईरण्णाचं. ते तुला वळणावर मागं बसल्या बसल्याच कळलंय, त्यात म्या नवं काय सांगत न्हाय. पण सकाळचं ऐक. गौरीला म्या एक अक्षर बोलणार न्हाय. तिला झाकण ठाऊक नव्हतं, तरी तिनं हात लावला. तुला सगळं ठाऊक व्हतं, अन् तू हात राखलास. दोनदा निरोप आला, दोनदा राखलास. भावाला हरवायचं तर समोर येऊन हरव, म्या बगत बसंन. पण त्याच्या दारावरनं पळी घेऊन तसाच पुढं जाणारा माणूस ह्या घरात थोरला म्हणून चालायचा न्हाय. थोरलेपण तुला मालकांनी दिलंय. ते तू वापरणार नसशील तर म्या काढून घेईन, अन् त्यासाठी मला कुणाला इचारायची गरज न्हाय. चल, ऊठ. भावाचं ताट रिकामं झालंय. तुझ्या हातानं वाढ."